डोंबिवली : एका उपनगराचा जमाखर्च
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईच्या वाढीचा विचार करताना आपल्याकडे गिरण्या, गोदी आणि चाळी यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या वसाहतींतून दररोज पहाटेपासून लाखो माणसे मुंबई चालविण्यासाठी निघतात आणि रात्री केवळ झोपण्यापुरती परततात, त्या उपनगरांचा विचार चळवळीने त्या मानाने फारच थोडा केला. उपनगर म्हणजे मध्यमवर्गीयांची निवांत वस्ती, तिच्यात वर्गसंघर्षाचे प्रश्न ते कोणते असणार, अशी एक समजूत त्यामागे असावी. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी डोंबिवलीसारखे दुसरे उदाहरण नाही. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे ४८ किलोमीटरवर असलेल्या या गावाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे महाराष्ट्रातील नागरीकरणाचा एक जमाखर्चच आहे. त्यातील जमेची बाजू सर्वांना ठाऊक आहे. खर्चाची बाजू कोणी भरली, हे मात्र फारसे विचारले जात नाही.

बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत पोहोचली. आज जेथे डोंबिवली उभी आहे तेथे त्या काळी आयरे, पाथर्ली, चोळे, ठाकुर्ली, कोपर अशी लहान लहान गावे होती. उल्हास खाडीच्या काठचा हा सारा मुलूख भातशेतीचा आणि मासेमारीचा. वस्ती प्रामुख्याने आगरी आणि कोळी समाजाची. गाडी या गावांच्या शिवारातून धावत होती, परंतु गावांच्या जीवनक्रमात तिने आरंभीची अनेक वर्षे मोठा फरक केला नाही. विसाव्या शतकात हळूहळू मुंबईत नोकरी करणारी, परंतु मुंबईच्या गर्दीला आणि रोगराईला कंटाळलेली काही कुटुंबे येथे बिऱ्हाड करू लागली. १९२४ मध्ये श्री गणेश मंदिर संस्थानाची स्थापना झाली, ही घटना या दृष्टीने सूचक आहे. बाहेरून आलेली माणसे आता येथे केवळ राहत नव्हती, तर संस्था उभारण्याइतकी स्थिर झाली होती. १९२९ च्या सुमारास विजेवर चालणाऱ्या गाड्या कल्याणपर्यंत येऊ लागल्या. ठाकुर्लीचे चोळा वीजकेंद्र याच सुमारास रेल्वेसाठी उभे राहिले. दररोज मुंबईला जाऊन परत येणे ही गोष्ट आता व्यवहार्य झाली.

तथापि डोंबिवली खऱ्या अर्थाने वाढली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिच्या वाढीचे कारण डोंबिवलीत नव्हे, तर मुंबईत शोधावे लागते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडेकरूला घरमालकाच्या मनमानीपासून संरक्षण दिले. हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु भाडी गोठवल्यानंतर भाड्याची घरे शासनाने स्वतः मोठ्या प्रमाणावर बांधावयास हवी होती, आणि हे दुसरे पाऊल पुरेशा निष्ठेने टाकले गेले नाही. खासगी भांडवलाला भाड्याच्या घरांत नफा उरला नाही आणि सार्वजनिक भांडवल अपुरे पडले. परिणामी गिरगाव, दादर, परळ येथील एका खोलीत वाढलेल्या मुलांचे विवाह होऊ लागले तेव्हा त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : पागडी देणे किंवा रूळ धरून उत्तरेकडे सरकणे. पागडीची रक्कम कारकुनाच्या, शिक्षकाच्या, बँकेतील नोकराच्या आवाक्याबाहेरची होती. उपनगरातील जागा मात्र भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेत आणि पत्नीच्या दागिन्यांत बसत होती. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी या स्थलांतराला कायदेशीर चौकट दिली. चाळीतील भाडेकरू डोंबिवलीत येऊन सदनिकेचा मालक झाला.

या माणसांनी येथे जे उभे केले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शाळा, वाचनालये, व्याख्यानमाला, नाट्यसंस्था, सहकारी संस्था यांचे दाट जाळे त्यांनी विणले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक या गावाचे रहिवासी होते. नवऱ्यांच्या कथांतला सोशिक, नर्मविनोदी, मासिक पगारावर जगणारा माणूस ज्यांनी वाचला असेल, त्यांना डोंबिवलीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. १९९९ मध्ये गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा येथूनच सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुणांचा मेळा भरतो. २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. सांस्कृतिक नगरी हे बिरुद या गावाने स्वकष्टाने मिळविलेले आहे. मात्र या संस्कृतीचा मोठा भाग रविवारचा आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सोमवार ते शनिवार या गावातील मिळवती माणसे गाडीत किंवा कचेरीत असतात, आणि नगरपालिकेचा कारभार, बांधकामांचे परवाने, जमिनींचे व्यवहार हे सारे सोमवार ते शनिवारच चालते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता उपनगरातील घर स्वस्त असते याचा अर्थ काय? घराची किंमत कमी असते ती जागा कामाच्या ठिकाणापासून दूर असते म्हणून. रहिवासी किमतीतील हा फरक पुढे आयुष्यभर वेळेच्या आणि श्रमाच्या रूपाने फेडीत राहतो. डोंबिवलीहून मुंबईच्या दक्षिण टोकाला जाण्यास साधारण सव्वा तास लागतो. घरापासून स्थानकापर्यंतचे आणि स्थानकापासून कचेरीपर्यंतचे अंतर धरले तर येण्याजाण्यात दिवसाचे तीन-साडेतीन तास सहज जातात. वर्षाचे कामाचे पावणेतीनशे दिवस धरले तर हे सव्वाआठशे ते साडेनऊशेहून अधिक तास होतात. आठ तासांचा दिवस ही कामगार चळवळीची थोर कमाई. उपनगरातील नोकरदारापुरती ती रेल्वेच्या डब्यात पुन्हा साडेअकरा तासांची झाली. या वेळेचे मोल कोणताही मालक पगारात धरीत नाही. मासिक पास स्वस्त ठेवला जातो याचा लाभ प्रवाशाला होतो हे खरे, परंतु दूर राहणारा माणूस कमी पगारावर कामाला उपलब्ध होतो हा त्याचा दुसरा लाभ आहे, आणि तो मुंबईतील मालकवर्गाला मिळतो. म्हणून रेल्वेचा तोटा ही प्रवाशांवर केलेली मेहेरबानी आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते अर्धेच सत्य असते.

या हिशेबात स्त्रियांच्या श्रमांची नोंद निराळी करावयास हवी. सदनिकेचे हप्ते एका पगारात भागेनात, तेव्हा डोंबिवलीची गृहिणी नोकरीला लागली. पहाटे उठून डबे भरावयाचे, गाडी गाठावयाची आणि परतीच्या प्रवासात मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडावयाची, हा तिचा दिनक्रम झाला. यातूनच पोळीभाजी केंद्रे आणि पाळणाघरे यांचा विस्तार झाला. हे व्यवसायही मुख्यतः स्त्रियांनीच चालविले, आणि त्यांत पोळ्या लाटणाऱ्या हातांना किमान वेतन, रजा वा विमा यांचे संरक्षण क्वचितच मिळाले. एका स्त्रीचा वेळ वाचविण्यासाठी दुसरीचा वेळ स्वस्तात विकत घेतला गेला. आपल्या चळवळीने या दोघींना एका व्यासपीठावर आणण्याचा प्रयत्न अद्याप नीट केलेला नाही.

प्रवासाची सर्वात जबर किंमत मात्र प्राणांची आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. त्यातील किमान चौघांना प्राण गमवावे लागले. या घटनेची देशभर चर्चा झाली. परंतु मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ आणि २०२४ या वर्षांत दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सहा-सात. ती एकेकटी मेली म्हणून त्यांची बातमी झाली नाही. ठाणे आणि दिवा यांच्यामधील पाचवी व सहावी मार्गिका मंजुरीनंतर दशकाहून अधिक काळ रखडली आणि २०२२ मध्ये पूर्ण झाली. त्या अवधीत ठाण्यापलीकडे इमारतींचे किती मजले उभे राहिले याचा अंदाज कोणीही करू शकेल. इमारतींना परवानगी देणारी यंत्रणा एक आणि गाड्या चालविणारी यंत्रणा दुसरी. या दोघींनी एकमेकींना विचारावे अशी व्यवस्थाच नाही. १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी विकास प्राधिकरण स्थापन झाले ते याच समन्वयासाठी. पन्नास वर्षांनंतर समन्वयाचा अभाव हीच तक्रार शिल्लक असेल, तर दोष केवळ अधिकाऱ्यांच्या आळसाचा मानता येणार नाही. समन्वय झाला तर बांधकामाचा वेग वाहतुकीच्या क्षमतेला जखडावा लागेल, आणि ते ज्यांना परवडणारे नाही त्यांचे हितसंबंध बलवत्तर आहेत.

आता जमिनीकडे वळू. डोंबिवलीची प्रत्येक इमारत कोणाच्या तरी भातखाचरावर उभी आहे. रेल्वे, रस्ते, पाणी यांवर सार्वजनिक पैसा खर्च झाला म्हणून या जमिनींच्या किमती वाढल्या. ही वाढ शेतकऱ्याने निर्माण केली नव्हती आणि बांधकाम व्यावसायिकानेही नव्हे. ती समाजाने निर्माण केली होती. अर्थशास्त्रात हिला अनार्जित वाढ म्हणतात आणि ती समाजाकडे परत यावी हा विचार समाजवाद्यांनाच नव्हे, तर कित्येक उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञांनाही मान्य होता. प्रत्यक्षात काय घडले? आगरी शेतकऱ्याने जमीन एकरी भावाने विकली आणि तीच जमीन चौरस फुटांच्या भावाने पुन्हा विकली गेली. मधला फरक ज्यांच्या हाती राहिला, त्यांच्याच हाती पुढे गावाचे राजकारण गेले. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा या व्यवहाराला लगाम घालू शकला असता. परंतु सवलतींच्या भोकांनी तो पोखरला गेला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्दच केला.

भूमिपुत्रांच्या असंतोषाचे मूळ येथे आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आसपासची २७ गावे तिच्यात घेण्यात आली. कर वाढले, सोयी त्या प्रमाणात आल्या नाहीत, म्हणून गावकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. २००२ मध्ये ही गावे वगळण्यात आली. २०१५ मध्ये ती पुन्हा घेण्यात आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो उच्च न्यायालयात टिकला नाही. गावांची ही आत-बाहेर चालू असताना बांधकामे मात्र थांबली नाहीत. किंबहुना सत्ता नेमकी कोणाची हे जेव्हा कोणालाच सांगता येत नाही, तो काळ बेकायदा बांधणाऱ्याला सर्वाधिक अनुकूल असतो. जवळच्या नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतलेल्या जमिनींवरून २०१७ मध्ये जो उद्रेक झाला, तोही याच साचलेल्या अविश्वासाचा होता. बाहेरून आलेला सदनिकाधारक आणि मूळचा गावकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे राजकारण्यांना सोपे जाते. वास्तविक एकाला जमिनीचे पुरेसे मोल मिळाले नाही आणि दुसऱ्याला पैशाचे पुरेसे घर मिळाले नाही. दोघांचे नुकसान एकाच व्यवहारात झाले आहे.

तिसरा घटक कारखान्यांचा. १९६० नंतरच्या काळात औद्योगिक विकास महामंडळाने डोंबिवलीच्या पूर्वेस औद्योगिक क्षेत्र विकसित केले. रंग, रसायने, औषधे, कापड प्रक्रिया असे उद्योग तेथे आले. कारखाना आणि वस्ती यांच्यात मोकळी पट्टी असावी हा नियोजनाचा प्राथमिक नियम आहे. येथे वस्ती कारखान्यांच्या भिंतीला येऊन भिडली, कारण मोकळी पट्टी ही बांधकाम व्यावसायिकाच्या दृष्टीने वाया गेलेली जमीन असते. २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन बारा जणांना मृत्यू आला आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. चौकशी झाली, स्थलांतराच्या घोषणा झाल्या. २०२० मध्ये येथील एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहणीस आले. २३ मे २०२४ रोजी पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे दगावली. मृतांत कोण असतात? बहुधा कंत्राटी कामगार, ज्यांची नावे हजेरीपटावर असतीलच याची शाश्वती नसते. नागरिक म्हणतात, कारखाने हलवा. कामगार विचारतो, मग पोटाचे काय? या दोन मागण्यांत विरोध आहे असे वरवर दिसते. परंतु सुरक्षिततेची तपासणी नियमित व्हावी, तिचे निष्कर्ष वस्तीला आणि कामगाराला दोघांनाही कळावेत, आणि स्थलांतर झालेच तर कामगाराच्या नोकरीसह व्हावे, ही मागणी दोघांनाही एकत्र करता येण्याजोगी आहे. ती मांडणारी संघटना तेवढी हवी आहे.

आणि आता सध्याचा सर्वात ज्वलंत प्रश्न. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या अग्यार समितीला या महानगरपालिकेच्या हद्दीत ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामे आढळली होती. २०१५ मध्ये ठाकुर्लीत इमारत कोसळून नऊ जणांचा बळी गेला. तरीही व्यवहार चालूच राहिले, आणि आता त्यांनी नवे रूप घेतले. महानगरपालिकेची बनावट परवानगीपत्रे तयार करावयाची, त्यांच्या आधारे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी मिळवावयाची, आणि ती नोंदणी दाखवून सदनिका विकावयाच्या, असा हा मार्ग. अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. या इमारतींत राहणारी कुटुंबे झोपडीदादा नाहीत आणि सट्टेबाजही नाहीत. नोंदणी क्रमांक पाहून, कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून त्यांनी घरे घेतली. शासनाने मुद्रांक शुल्क स्वीकारताना, बँकेने कर्ज देताना आणि नियामकाने नोंदणी करताना जे तपासले नाही, ते कारकुनाने किंवा रिक्षाचालकाने तपासावयास हवे होते, असा याचा निष्कर्ष निघतो.

या प्रश्नावर कार्यकर्त्यांची ओढाताण होते. बेकायदा बांधकामाला अभय द्यावे तर कायदा पाळणाऱ्याची फसवणूक होते आणि पुढच्या गुन्ह्याला आमंत्रण मिळते. पाडावे तर शेकडो निरपराध कुटुंबे रस्त्यावर येतात. निवडणुकीच्या तोंडावर अभयाचे आश्वासन देणे सोपे आहे आणि तसे करणारे पक्ष पुष्कळ आहेत. समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका याहून निराळी असावयास हवी. ज्या यंत्रणांनी शुल्क, व्याज आणि फी घेतली, त्यांनी त्या प्रमाणात पुनर्वसनाची जबाबदारी उचलावी. बांधकाम व्यावसायिकाची आणि त्याला साथ देणाऱ्या अधिकाऱ्याची मालमत्ता जप्त करून त्यातून भरपाई व्हावी. आणि घर रिकामे करावयाचेच असेल तर पर्यायी घर आधी मिळावे. ही मागणी अवघड आहे, वेळखाऊ आहे, परंतु तीत कोणाचीही फसवणूक नाही.

अखेरचा मुद्दा लोकशाहीचा. २००१ मध्ये या महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख ९३ हजार होती, २०११ मध्ये ती १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. किती माणसांसाठी पाणी, रुग्णालये आणि शाळा हव्यात याचा हिशेब जुन्याच आकड्यांवर होत राहिला, आणि गंभीर रुग्णाला कळव्याला किंवा मुंबईला नेण्याची पाळी कायम राहिली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हातची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि महानगरपालिका राज्याच्या अनुदानाची याचक झाली. २०२० च्या नोव्हेंबरात लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढे सलग पाच वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. बारा लाखांहून अधिक लोकांच्या नगरात पाच वर्षे एकही नगरसेवक नव्हता, आणि याविरुद्ध मोठे आंदोलन झाले नाही. वसाहतीच्या स्वभावाचे हे सर्वात चिंताजनक लक्षण आहे.

याचे कारण उपनगरी जीवनाच्या रचनेतच आहे. येथील नोकरदार मुंबईत संघटित होता. बँकेत, विम्यात, रेल्वेत, शिक्षण क्षेत्रात तो संघटनेचा सभासद होता आणि संपावरही गेला होता. परंतु संघटना कामाच्या ठिकाणी राहिली. घरी परतताना तो सदनिकेचा मालक म्हणून परतला, आणि मालक म्हणून त्याच्या चिंता इमारतीच्या फाटकापाशी संपल्या. मुंबईतील पगारवाढीसाठी त्याने मोर्चे काढले. डोंबिवलीतील नळाच्या पाण्यासाठी त्याने टँकर मागविला. कामगार म्हणून त्याच्याजवळ असलेली जाणीव नागरिक म्हणून त्याच्या उपयोगी पडली नाही, आणि तिचा पूल बांधण्याचे काम आपल्या चळवळीनेही केले नाही.

मित्रहो, हा पूल बांधण्याची साधने डोंबिवलीत आहेत. हजारो सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, रेल्वे प्रवाशांच्या संघटना आहेत, २७ गावांचा संघर्षाचा अनुभव आहे, औद्योगिक क्षेत्रातील असंघटित कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या आणि पोळीभाजी केंद्रांत राबणाऱ्या स्त्रिया आहेत. या सर्वांचे प्रश्न आज स्वतंत्र फायलींत पडून आहेत. जमिनीच्या वाढत्या मोलाचा ठराविक हिस्सा सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवणे, वाहतुकीची सोय झाल्याखेरीज मोठ्या बांधकामांना परवानगी न देणे, प्रत्येक परवानगीपत्र नागरिकाला प्रभाग कार्यालयात पडताळून पाहता येणे, आणि प्रभागसभा खऱ्या अर्थाने भरविणे, या चार मागण्यांवर त्यांना एकत्र आणता येईल. काम सुरू करण्यासाठी मोठ्या परिषदेची आवश्यकता नाही. एका कार्यकर्त्याने एका प्रभागातील इमारतींच्या परवानग्यांची यादी माहिती अधिकाराखाली मागवावी आणि ती त्याच प्रभागातील गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवर लावावी. ती वाचण्यासाठी जे लोक थांबतील, त्यांच्यापासून पहिली सभा सुरू होईल. सभा मात्र रविवारी ठेवावी. इतर दिवशी डोंबिवलीकर गाडीत असतो.